कष्टाला फळ येतंच का? – एका अपूर्ण निबंधाच्या निमित्ताने



गेल्या वर्षी श्रावण संपता संपता नववीच्या वर्गाला मी एक निबंध दिला होता. विषय आपला नेहमीचाच – ‘कष्टाशिवाय फळ नाही’. तुम्हीही हा विषय कधी ना कधी दिला असेल, आणि पालकहो, तुम्ही शाळेत असताना तो लिहिलाही असेल. मुद्दे मीच फळ्यावर लिहून दिले होते : प्रस्तावना, मुंगीचं उदाहरण, थोरामोठ्यांची उदाहरणं, आळसाचे तोटे, समारोप.

चौतीस वह्या आल्या. बहुतेकांत एडिसनचा दिवा होता, लिंकन होते, वर्तमानपत्रं टाकणारे कलाम सर होते. शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी कष्ट केले पाहिजेत’ हे वाक्य होतं. मी भराभर खुणा करत गेलो. एका वहीत मात्र चारच ओळी होत्या. मला आठवतात तशा सांगतो. ‘माझे बाबा एकोणीस वर्षं मुंबईला कामाला आहेत. ते पहाटे पाचला उठतात आणि रात्री नऊला खोलीवर येतात. कष्टाशिवाय फळ नाही हे मला मान्य आहे. पण बाबांचं फळ अजून आलेलं नाही, त्यामुळे पुढे काय लिहायचं ते मला समजत नाही.’

मी लाल शाईने खाली लिहिलं, ‘निबंध अपूर्ण. मुद्दे वापरलेले नाहीत.’ दहापैकी तीन गुण दिले आणि पुढची वही घेतली.

गणपतीला चाकरमानी गावाला आले. लांज्याच्या बाजारात त्या मुलाचे वडील भेटले. हातात सामानाच्या दोन पिशव्या, अंगावर प्रवासाचा शीण. मला बघून थांबले. म्हणाले, “सर, पोरगा ऐकत नसेल तर दोन फटके द्या, माझी काय हरकत नाय. मी शाळेत लक्ष दिलं नाय, कमी पडलो, म्हणून आज ही गत. तो कमी पडता नये.”

मी ‘हो हो, बघतो’ म्हणालो आणि घरी आलो. पण ते ‘कमी पडलो’ काही डोक्यातून जाईना. पहाटे पाच ते रात्री नऊ राबणारा माणूस म्हणतोय, मी कमी पडलो! हे त्याला शिकवलं कोणी? त्याला कोणी शिव्या दिल्या नव्हत्या. आपणच शिकवलं हे. सुविचाराच्या फळ्यावर, परिपाठात, निबंधाच्या विषयात. कष्ट केले की यश मिळतं, हे वाक्य आपण मुलांना सरळ वाचून दाखवतो. पण मुलं ते मोठी झाल्यावर उलटंही वाचतात : यश मिळालं नाही, म्हणजे मी कष्ट केले नाहीत.

त्यावरच आज थोडं बोलायचं आहे.

हे स्वप्न आलं कुठून?

आपल्याकडे ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही म्हण जुनीच आहे. पण ‘कोणीही, कुठेही जन्मलेला असो, मेहनत केली तर शिखरावर पोहोचतो’ हा विचार जगभर गाजवला तो अमेरिकेने. ‘अमेरिकन ड्रीम’ हा शब्द लोकप्रिय केला जेम्स ट्रस्लो अॅडम्स या इतिहासकाराने, १९३१ साली. गंमत बघा, तेव्हा तिथे महामंदी चालू होती आणि लाखो कष्टाळू माणसं बेकार होती. अॅडम्सचं म्हणणं होतं की हे स्वप्न नुसतं मोटारगाडीचं आणि मोठ्या पगाराचं नाही, तर जन्म कुठेही झालेला असो, प्रत्येकाला आपल्या कुवतीप्रमाणे फुलता यावं याचं आहे. पुढे त्यातलं ‘फुलता यावं’ मागे पडलं आणि मोटारगाडी तेवढी उरली.

ते स्वप्न तिथे तरी टिकलंय का? राज चेट्टी या अर्थशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. १९४० साली जन्मलेल्या अमेरिकन मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलं मोठी होऊन आपल्या आईवडिलांपेक्षा जास्त कमावू लागली. १९८० साली जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवर आलं. आता विचार करा, चाळीस वर्षांत अमेरिकेतली माणसं अर्ध्याने आळशी झाली का? नाही ना. मग बदललं काय? तिथे राष्ट्रीय उत्पन्न वाढतच राहिलं, पण वाढीचा मोठा वाटा वरच्या थोड्यांकडे जाऊ लागला, असं हा अभ्यास सांगतो.

दुसरा एक आकडा आपल्याबद्दलचा आहे. २०१८ साली ओईसीडी या संस्थेने अंदाज काढला होता की तळच्या उत्पन्नाच्या घरात जन्मलेल्याच्या वंशजांना देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत यायला किती पिढ्या लागतील. डेन्मार्कमध्ये दोन, अमेरिकेत पाच आणि भारतात सात पिढ्या. डेन्मार्कचा माणूस आपल्या माणसापेक्षा साडेतीनपट कष्ट करत असेल असं मला तरी वाटत नाही. लावणीच्या दिवसांत आमच्या भांबेड-प्रभानवल्लीकडच्या कुठल्याही मळ्यात जाऊन बघा म्हणजे पटेल.

आपली अमेरिका म्हणजे मुंबई

आपण कोकणातली माणसं. आपल्याला अमेरिकेचं उदाहरण लांबचं वाटेल. पण आपलीही एक अमेरिका आहे. ती मुंबई. चार-पाच पिढ्या आपण पोरांना सांगत आलो, ‘शीक, मुंबईला जा, नाव काढ.’ घराघरातला कर्ता माणूस गेला. याचा पुरावा जनगणनेत आहे. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ ला १६ लाख १५ हजारांवर आली. सगळा देश वाढत असताना आपला जिल्हा घटला. माणसं कुठे गेली ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे. आपल्या वाडीतल्या शाळांचा पट बघितला तरी कळतं.

त्यातल्या कित्येकांचे आजोबा गिरणीत होते. साच्यावर तीन पाळ्यांत राबले, खोलीत आठ-दहा जण राहिले, मनीऑर्डर वेळेवर पाठवली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. पुढे अनेकांना परत कामावर घेतलंच नाही, एकेक करत गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. संपाचं बरोबर-चूक हा इथे विषय नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की १७ जानेवारीला तो कामगार जेवढा कष्टाळू होता, तेवढाच तो पुढच्या वर्षीही होता. त्याच्या हातातली कला तीच, मनगटातली ताकद तीच. तरी तो गावाला परत आला, आणि पुष्कळांच्या घरी ‘मुंबईत टिकला नाही’ असं बोलणं झालं.

टिकला नाही! म्हणजे पुन्हा दोष माणसाचाच.

घाम तोच, शेत तेच, कायदा बदलला

याच्या उलट एक उदाहरण आहे आणि तेही आपल्याच मातीतलं. दुर्दैवाने ते आपण मुलांना फारसं सांगत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती. सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत. शेत कसायचं कुळाने. भाजावळ, पेरणी, चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी सगळं त्याचं आणि पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताच्या खळ्यावर. वर वेठ वेगळी. त्या कुळांनी पिढ्यान्पिढ्या कष्ट केले. ‘कष्टाशिवाय फळ नाही’ हे त्यांना कोणी फळ्यावर लिहून द्यायची गरज नव्हती. फळ येत होतं, फक्त ते दुसऱ्याच्या कणगीत जात होतं.

शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावच्या परिसरात, १९३३ साली शेतकऱ्यांनी संप केला. जवळजवळ सहा वर्षं त्यांनी शेतं कसली नाहीत. बाभळीच्या शेंगा नि लाकूडफाटा विकून दिवस काढले असतील, अर्धपोटी राहिले असतील, पण नांगर धरला नाही. शेतकऱ्याला शेत पडीक टाकण्याइतका दुसरा कष्ट नाही. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला. मग कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाण्याचा दिवस. सगळ्यांना जमीन मिळाली असं नाही. कागदावर नाव नसलेली कितीतरी घरं राहून गेली. पण ज्यांना मिळाली त्यांच्या घरात काय बदल झाला ते वाडीतल्या जुन्या माणसांना विचारा. घाम तोच होता, शेतही तेच होतं. फळ घरात यायला लागलं ते कायदा बदलल्यावर.

अमेरिकेचंही असंच झालं. तिथे १८६२ साली सरकारने कायदा करून जो पाच वर्षं कसेल त्याला १६० एकर जमीन जवळपास फुकट दिली. ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेली होती, हेही सांगितलं पाहिजे. १९४४ साली युद्धावरून परतलेल्या सैनिकांना कॉलेज शिक्षणासाठी आणि घरासाठी सरकारने मदत केली, त्यातही काळ्या सैनिकांच्या वाट्याला फार कमी आलं. अमेरिकन माणूस ‘माझ्या मेहनतीने वर आलो’ म्हणतो ते खोटं नाही. फक्त त्या मेहनतीच्या पायाखाली कोणीतरी शिडी लावली होती, हे तो विसरतो.

आपण गोष्टी अर्ध्या सांगतो

शिक्षक मित्रांनो, आता आपल्या परिपाठाकडे येऊ. महर्षी कर्वे यांची गोष्ट आपण सगळेच सांगतो. दापोली तालुक्यातल्या मुरुडचा मुलगा परीक्षेसाठी शंभर मैलांहून जास्त अंतर चालत साताऱ्याला गेला. भर पावसात, डोंगर-घाट तुडवत गेला. मुलं डोळे मोठे करून ऐकतात. आणि मग आपण म्हणतो, ‘बघा, एवढे कष्ट केले म्हणून ते भारतरत्न झाले!’

पण मधलं एक पान आपण गाळतो. साताऱ्याला पोहोचल्यावर त्या मुलाला परीक्षेला बसूच दिलं नाही. तो वयाने लहान दिसतो, सतरा वर्षांचा वाटत नाही, असं म्हणून परत पाठवलं. शंभर मैलांच्या चालण्याचं त्या दिवशीचं फळ होतं ‘नाही’. त्यात त्याची चूक एवढीच की तो किरकोळ अंगाचा होता. ही गोष्ट पूर्ण सांगितली तर कर्व्यांचं मोठेपण कमी होतं का? मला तर वाटतं वाढतं. आणि वर्गात बसलेल्या ज्या मुलाला पुढे कुठल्या तरी दारावरून परत यावं लागणार आहे, त्याला त्या दिवशी कर्वे आठवतील.

बाबासाहेबांचंही तसंच. त्यांचं मूळ गाव आपल्या जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. दिवसाचे अठरा तास अभ्यास, हे आपण दर १४ एप्रिलला सांगतो. ते १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, हेही सांगतो. पण ते जाऊ शकले कारण बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. अठरा तासांच्या अभ्यासाला ती शिष्यवृत्ती मिळाली नसती तर? आणि पुढचं पान : परदेशात शिकून आलेला हा विद्वान १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाला तेव्हा त्याला राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी खाणावळीत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही लोकांनी हाकललं. कष्ट होते, बुद्धी होती, अमेरिकेची पदवी होती. जात आडवी आली. म्हणून तर त्यांनी नंतरचं आयुष्य स्वतःच्या यशापेक्षा दारं उघडण्यात घालवलं.

निकाल ९९ टक्के, पुढे काय?

आता आजचं बोलू. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला. २०२४ ला आपला निकाल ९९.०१ टक्के होता, राज्याचा ९५.८१. २०२५ ला आपला ९८.८२, राज्याचा ९४.१०. २०१२ साली कोकण मंडळ वेगळं झालं तेव्हापासून ही परंपरा आहे. म्हणजे शाळेच्या हातात असलेले कष्ट आपली मुलं करतात, आणि आपणही करतो, याबद्दल शंका नको.

पण दहावीनंतर? माझा एक जुना विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे हायवेच्या कडेने धावताना मी त्याला पाच वर्षं बघत होतो. पावसात धावला, थंडीत धावला. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले सतरा लाखांहून जास्त. साधा भागाकार करा. एका जागेला सुमारे शंभर अर्ज. शंभरही मुलं सारखीच जीव तोडून धावली तरी नव्याण्णव परत येणार, हे पहिली मुलगी किंवा मुलगा धावायला उभा राहायच्या आधीच ठरलेलं आहे. तलाठी भरतीचं २०२३ ला तेच. जागा साडेचार हजारांच्या घरात आणि अर्ज दहा लाखांवर.

तो विद्यार्थी आता रिक्षा चालवतो. चांगली चालवतो. पण मला बघितलं की नजर चुकवतो. एकदा मीच रिक्षात बसलो, तर म्हणाला, “सर, मी फेलच गेलो ना.” पाच वर्षं पहाटे चारला उठणाऱ्या मुलाला मी आणि माझ्या सुविचारांनी ‘फेल’ हा शब्द दिलाय. कोणत्या तोंडाने त्याला मी म्हणू की तू कमी पडलास? कमी पडल्या त्या जागा.

‘मग मुलं अभ्यासच सोडतील!’

हे सगळं मी शिक्षक खोलीत बोललो, तर एक ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, “सर, हे तुम्ही वर्गात बोलू नका हां. आधीच पोरं मोबाईलमध्ये. कष्टाने काही होत नाही म्हटलंत तर उद्यापासून वही उघडणार नाहीत.”

मॅडमची भीती खोटी नाही. म्हणून नीट सांगतो. कष्टाने काही होत नाही असं माझं म्हणणं नाहीच. गणिताचे शिक्षक ‘आवश्यक अट’ आणि ‘पुरेशी अट’ असा फरक शिकवतात, तो इथे लागू आहे. तरवा लावला नाही तर भात येणार नाही, हे नक्की. तरवा लावला म्हणजे भात येईलच, हे नक्की नाही. कापणीच्या तोंडावर परतीचा पाऊस येतो आणि उभं पीक आडवं करतो. आंब्याचा मोहोर खाकी पडतो. आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. म्हणून त्याने लावणी सोडली का? पुढच्या आषाढात तो पुन्हा चिखलात उभा असतो. आणि पीक गेलं तर शेजारी येऊन ‘तू कमी पडलास’ म्हणत नाही. म्हणतो, ‘पावसानं घात केलान’. शेतात आपण जेवढे समजूतदार आहोत, तेवढे शाळेत का नाही?

माझा अनुभव असा की खरं ऐकून मुलं कष्ट सोडत नाहीत. दिलेला शब्द मोडला की सोडतात. ‘नव्वद टक्के काढ, आयुष्य बनेल’ असं आपण सांगितलेलं असतं. नव्वद टक्के निघतात, आयुष्य काही बनत नाही, आणि मग त्या मुलाचा अभ्यासावरचाच नव्हे, तर आपल्या शब्दावरचाही विश्वास उडतो.

दुसरी एक गोष्ट आहे. ज्याला यश मिळतं त्याचंही हे वाक्य नुकसान करतं. ‘मी माझ्या कष्टाने आलो’ असं मानणारा माणूस मागे राहिलेल्याकडे बघून म्हणतो, ‘तो आळशी होता’. ज्या आईने काजूच्या कारखान्यात बिया फोडून फी भरली, ज्या बहिणीने दहावीनंतर शिक्षण थांबवून घर सांभाळलं, ज्या गुरुजींनी फॉर्म भरून दिला, ती सगळी या गोष्टीतून गळतात.

आणि तिसरं, आपल्या सगळ्यांसाठी थोडं अवघड. ‘सगळं तुझ्या हातात आहे’ असं मुलाला सांगितलं की आपण मोठी माणसं सुटतो. मग शाळेत विज्ञानाला शिक्षक नाही, वाडीपर्यंत एस.टी. येत नाही, तालुक्यात काम नाही, याबद्दल कोणी विचारायचं कारणच उरत नाही.

मग आपण काय करायचं?

मोठमोठ्या गोष्टी बाजूला ठेवू. आपल्या हातातल्या काही सांगतो. मी यातल्या काही करून बघतोय, काही अजून जमलेल्या नाहीत.

शिक्षकांसाठी :

१. थोरांच्या गोष्टी पूर्ण सांगू या. त्यांना कोणी नाकारलं, कोणी हात दिला, कोणता कायदा किंवा कोणती शिष्यवृत्ती मदतीला आली, हे तिन्ही सांगायचं.

२. निव्वळ ‘मेहनत करा’ म्हणण्यापेक्षा शिडी दाखवू या. एक साधं उदाहरण. आठवीची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एनएमएमएस. शासकीय आणि अनुदानित शाळेतल्या, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांसाठी आहे. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. हुशार मुलगी कष्ट करायला तयार असते, पण उत्पन्नाचा दाखला आणायला तहसीलला जाणारं घरात कोणी नसतं. बाबा मुंबईला आणि आजी थकलेली. तो दाखला मिळवून देणं हाही आपल्या अध्यापनाचाच भाग समजू या.

३. निकालाच्या दिवशी फक्त पहिल्या तिघांचा सत्कार नको. गेल्या वर्षी पस्तीसवर असलेला, या वर्षी पंचावन्नवर आलेला मुलगाही स्टेजवर बोलवू या. त्याने केलेला प्रवास त्याला स्वतःला दिसला पाहिजे.

४. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना जागा किती आणि अर्ज किती हा भागाकार करून दाखवू या. घाबरवायला नव्हे. तयारीला वर्षांची मर्यादा ठरव, जोडीला एखादं कौशल्य किंवा आयटीआयचा ट्रेड धर, एवढं सांगता यावं म्हणून.

पालकांसाठी :

१. मुलांसमोर ‘मी कमी पडलो’ म्हणू नका. तुम्ही कमी पडला नाहीत. तुम्ही काय काय केलंत ते सांगा. पहाटेची लोकल, ओव्हरटाइम, पाठवलेले पैसे. आणि काय मिळालं नाही, का मिळालं नाही, तेही सांगा. मुलांना ते समजतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर समजतं.

२. ‘त्या अमक्याचा मुलगा बघ’ ही तुलना करताना, त्या अमक्याकडे काय होतं आणि आपल्याकडे काय नव्हतं हेही बघा. क्लास, घरात अभ्यासाची वेगळी खोली, रत्नागिरीला ठेवायची ऐपत. ही तक्रार नाही, हा हिशेब आहे.

३. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला या. ग्रामसभेला या. शिक्षक नसेल तर विचारा. मुलाच्या पाठीवर बसून ‘अभ्यास कर’ म्हणण्याइतकाच हा कष्ट महत्त्वाचा आहे. खोती काही एकेकट्याने जास्त नांगरून गेली नव्हती, माणसं एकत्र आली तेव्हा गेली.

शेवटी

त्या मुलाची वही मी परत मागून घेतली. लाल शाईतली ओळ खोडता येत नव्हती, म्हणून तिच्या खाली लिहिलं, ‘प्रश्न बरोबर आहे. उत्तर मलाही शोधायला हवं होतं. गुण ८.’ मुलाने वही बघितली, काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याने निबंध पुढे लिहून आणला. दीड पान झालं होतं. त्यात एडिसन नव्हता. बाबांच्या खोलीचं भाडं होतं, प्रवासाचा वेळ होता, पगार किती नि कापला किती जातो ते होतं. फोनवरून बाबांना विचारून लिहिलं होतं म्हणे. एकोणीस वर्षांत बापलेकात पगारावर पहिल्यांदाच बोलणं झालं असेल.

निबंध अजूनही अपूर्णच आहे. त्याला समारोप नाही आणि मी तो मागितलेलाही नाही.

तुम्हीही एकदा करून बघा. ‘कष्टाशिवाय फळ नाही’ याऐवजी ‘आमच्या घरातले कष्ट आणि त्यांचं फळ’ असा विषय द्या. फळ्यावर मुद्दे म्हणून फक्त प्रश्न लिहा :

• घरात सर्वांत जास्त कष्ट कोण करतं? त्या कष्टांना पगार मिळतो का?
• त्या कष्टांचं फळ कोणाकोणाला मिळतं?
• फळ कमी का मिळालं असं त्या व्यक्तीला वाटतं? विचारून लिहा.
• फळ नीट मिळावं म्हणून त्या व्यक्तीने काय करावं? आणि इतरांनी काय करावं?

शेवटच्या प्रश्नाचा दुसरा भाग गाळू नका. आपण आजवर नेमका तोच गाळत आलो. आणि वह्या तपासताना लाल पेन थोडा वेळ बाजूला ठेवा.